रॉकेल घालणार नाही

धावडा, १४ जानेवारी २०२५

चि. आकांक्षास बाबांचे अनेक आशीर्वाद.

कागदावर लिहून फोटो पाठवून राह्यलोय, मोबाइलवर लिहिणं मला जमत न्हाई. जहाजावरचं डिझेल थंडीनं तुपासारखं थिजलं, साहेबानं त्यात रॉकेल घाल म्हणलं अन् तू न्हाई म्हणलीस, हे वाचून तुझी आई जेवली न्हाई. अगं, मीबी थंडीत ट्रॅक्टरला रॉकेलच घालतो. साहेब माफीनामा मागतोय तर दे लिहून. वाईट शेरा मारून घरी धाडलं तर पाच वर्षांची मेहनत मातीत जाईल.

लोभ आहेच, पण ऐकत जा.
तुझा, बाबा

बाल्टिक समुद्र, १७ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

माफी लिहिणार न्हाई. हे डिझेल गरम मुलखातल्या बंदरावर भरलेलं. इथं उणे अठरा. त्यातलं मेण गोठून फिल्टर चोंदला अन् डेकवरचा संकटकाळचा जनरेटर सुरू होईना. रॉकेल मिसळलं की डिझेल लवकर पेट घेतं, अन् वंगण कमी होऊन डिझेलचा पंप बसतो. समुद्रात आग लागली तर आम्ही बावीस जणांनी पळायचं कुठं?

मी टाकीच्या तळाचं पाणी काढलं, फिल्टर बदलला, गरम पाण्यात पिळलेली फडकी पाइपाला गुंडाळत राहिले. आई तुमची पाठ शेकते, तसं. हात सोलवटले, पण जनरेटर धडधडला. कॅप्टननी थंडीत न गोठणारं डिझेल मागवलं. आमचे चीफ इंजिनीअर देवानंद साहेब मात्र माफीवर अडून बसलेत. बसू देत.

अन् बाबा, गेल्या थंडीत तुम्ही नांगरटीला मागून आणलेल्या सर्जेराव काकांच्या ट्रॅक्टरचा पंप कशानं बसला, ते मला आता कळलं. बोलणी मात्र त्याआधी तो दुरुस्त करून दिलेल्या राधेश्याम मिस्त्रीनं खाल्ली.

राग आला तरी लोभ कमी करू नका.
आपली, आकांक्षा

धावडा, २० जानेवारी

चि. आकांक्षास आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस लई भडकलो. बापाला शिकवून राह्यली, म्हणलं. पण त्या टाकीत रॉकेल मीच ओतल्तं, अन् पंप बसल्यावर गप बसलो. तेव्हापासून मिस्त्रीकडं गावातलं कुणी ट्रॅक्टर नेत न्हाई. काल सर्जेरावला घेऊन त्याच्या दुकानी गेलो अन् चार लोकांसमोर हात जोडले. त्यानं हातातला पाना खाली ठेवला न्हाई, पण चहा सांगितला.

हाताला खोबरेल लाव. आई आता बराबर जेवून राह्यली.

आपल्या घराकडून एकच माफी मागायची राह्यली होती, ती मी मागून आलो. तू बिलकुल मागू नको.

लोभ आहे, तसाच राहील.
तुझा, बाबा