माळवदाखालचं लोखंडी टेबल

अप्पा, लोखंडी टेबल अजून स्वयंपाकघरातच आहे, आणि आई अजून त्याच घरात, त्याच माळवदाखाली राहते. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. यंदा पावसाळा सरल्यावर आपल्या खजुरीत पुन्हा जमीन हलायला लागली. मोठं काही नाही. खालून गडगड आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात आणि थांबतं. पण मी आता इमारतींची इंजिनिअर आहे. कलबुर्गीत बसून दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासते, कुठली तुळई किती भार घेईल ते बघते. आणि आपलं घर कशाचं आहे ते मला पाठ आहे: दगडमातीच्या भिंती, सागाच्या तुळया, फळ्या, आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली पांढरी माती. ती माती उतरवू, वर पत्रे टाकू, असं मी आईला फोनवर सांगत राहिले. तिचं उत्तर एकच. "तुझ्या अप्पांनी टेबल करून ठिवलंय की. कामून भ्यायलीस?"

म्हणजे माझा वाद तिच्याशी नव्हता, तुमच्याशी होता. तुम्ही गेलात तेव्हा मी पीयूसीला, म्हणजे बारावीला होते. इतक्या वर्षांनंतरही त्या घरात शेवटचा शब्द तुमचाच आहे.

याच दिवसांत मी एक जाड पुस्तक वाचते आहे, इतिहासाचं. तुम्हाला खरं वाटणार नाही. आठवीत मी दुसऱ्या महायुद्धाचं कारण एका ओळीत लिहिलं होतं, आणि तो पेपर तपासणारे इतिहासाचे गुरुजी तुम्हीच होतात. पेपर वाटताना तुम्ही माझ्या बाकाजवळ थांबता. घरी कधी आवाज चढवत नाही, वर्गात चढवता. "एका ओळीत युद्ध उरकलीस. बरं. शहरावर विमानं यायलीत, बाँब पडायलेत, तवा तिथली माणसं काय जेवायलती? लेकरं कुठं झोपायलती? ते कोण लिहिणार?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "गुर्जी, डबा बांधून न्हेले आसतील." वर्ग हसतो, तुम्हीही हसता. मी हसत नाही. उभी राहून सांगते की पुस्तकात ते दिलेलं नाही. "न्हाई की," तुम्ही म्हणता, "म्हणून तर इचारायलो." मला राग आला होता. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही तो प्रश्न विचारणं मला लबाडी वाटायची. मी गणिताकडे गेले, त्यात त्या तासाचाही थोडा वाटा आहे.

आता उत्तर सापडलं आहे, म्हणून लिहायला बसले. लंडनची माणसं बटाटे आणि गाजरं खात होती. अंड्याची पूड पाण्यात कालवत होती. चहा, साखर, लोणी मापून मिळायचं. लेकरं जमिनीखालच्या रेल्वेच्या फलाटावर, अंथरूण पसरून, अनोळखी माणसांच्या पायाशी झोपायची. सकाळी वर यायचं, आपलं घर आहे की नाही ते बघायचं, असलं तर काचा झाडायच्या आणि कामाला जायचं. दुकानाची पुढची भिंत पडली तरी दुकानदार दुकान उघडत होता. मी हे जेवताना वाचते, बसमध्ये वाचते, आणि मधेच बोट ठेवून पुस्तक मिटते, कारण एका बैठकीत एवढं मावत नाही. बीदरला शिकत होते तेव्हा हवाई दलाची सरावाची विमानं रोज डोक्यावरून जायची. सर खडू हातात धरून वाक्याच्या मध्येच थांबायचे, आवाज गेला की पुढचा शब्द. आम्ही वर बघतही नव्हतो. त्याच आवाजाखाली एका शहरानं महिनेच्या महिने काढले, आणि त्या महिन्यांत लग्नं केली, कपडे वाळत घातले, मांजरांना दूध घातलं. मला माणसांचं सहसा आश्चर्य वाटत नाही. या माणसांचं वाटलं.

त्यांच्या पंतप्रधानाचंही. तो पडलेल्या घरांमधून चालत जायचा, लोकांसमोर डोळे पुसायचा, आणि ज्यांचं सगळं गेलं आहे ते लोक त्याला बघून आरोळ्या ठोकायचे. तो त्यांना गोड बातमी देत नव्हता. पुढे आणखी वाईट दिवस आहेत, हेच सांगत होता. पण एका गोष्टीपाशी मी अडले. पहिल्या हल्ल्यांत शहरातल्या विमानविरोधी तोफा जवळजवळ गप्प होत्या, नीट निशाणा धरता येत नव्हता म्हणून. लोक म्हणायला लागले की आपल्या बाजूनं कोणीच काही करत नाही. मग हुकूम निघाला: निशाणा लागो न लागो, तोफा उडवा. विमानं फारशी पडली नाहीत. उलट गोळ्यांचे तुकडे आपल्याच छपरांवर पडले. आणि त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात शहराला बरं वाटलं. मला हे पटेना. न लागणारी तोफ म्हणजे वाया घालवलेला दारूगोळा, असं मी समासात पेन्सिलीनं लिहिलंसुद्धा. मग काही पानांनी टेबल आलं.

ज्यांच्या घराला अंगण नाही, खड्डा खणून आसरा करायला जागा नाही, अशांना तिथल्या सरकारनं लोखंडी टेबलं दिली होती. दिवसा त्यावर जेवायचं, रात्री बाजूंना जाळ्या लावून अख्ख्या घरानं त्याखाली झोपायचं. वरचा मजला कोसळला तरी खालची माणसं वाचावीत, अशा हिशेबानं केलेलं. ते पान वाचताना मी कलबुर्गीच्या माझ्या खोलीत नव्हतेच. आपल्या स्वयंपाकघरात, त्या निळ्या मेणकापडाखाली होते.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणून पुढचं आईनं सांगितलेलं. सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली गावं मातीला मिळाली, आपलं उभं राहिलं. सगळा गाव शेतात खोपी घालून राहिला आणि थंडी वाढली तसा एकेक जण घरी परतला. अक्का तेव्हा चार वर्षांची. ती घरात पाय ठेवला की रडायची, रात्र रात्र माळवदाकडे बघत पडायची. तुम्ही आळंदला जाऊन अँगल आणि जाड पत्रा घेतलात आणि वेल्डिंगवाल्यापुढे कागदावर चित्र काढलंत. तो म्हणाला, "गुर्जी, इसपे हाथी कू बिठाते क्या?" टेबल बैलगाडीतून घरी आलं तेव्हा शेजारची काकू दारात उभी. "आता गुर्जी टेबलावर भाकरी खानार. आन घरची बाई काय, खाली बसून वर वाढनार?" त्यावर कोणी कधी जेवलं नाही. वर पिठाचे डबे आणि घागर, खाली गोधडी. अक्का आणि मी, आईच्या कुशीत, त्याखाली वाढलो. नंतरही कितीतरी वर्षं बारीक हादरे यायचे. तुम्ही दाराजवळ सतरंजीवर, थेट माळवदाखाली. भांडी वाजली की तुमचा आवाज यायचा, "झोपा गं. ह्या टेबलाला काय होत न्हाई." आणि आम्ही झोपायचो.

आणि दर उन्हाळ्यात आपण त्याच माळवदावर माती चढवायचो. सगळं गाव चढवतं, आजही. पावसात गळू नये म्हणून जुन्या थरावर नवा थर, जुना काढायचा नाही. तुम्ही शिडीवर, मी खालून टोपली देते, मग मला वर घेता आणि आपण दोघं ओली माती पायांनी तुडवतो. "जोरात नाच, जोरात," तुम्ही म्हणता. ज्या छपराच्या भीतीनं टेबल केलं, त्याच छपराचं वजन आपण दर वर्षी हौसेनं वाढवत होतो, आणि हे आपल्या दोघांपैकी कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्या तर वाढदिवसापेक्षा तो दिवस आवडीचा होता.

ते टेबलाचं पान वाचल्यावर आलेल्या रविवारी मी टेप आणि पत्र्याची जाडी मोजायचं माप घेऊन खजुरीला गेले. आईनं बघितलं. "काय करायलीस? टेबलाला कापडं शिवायलीस का?" मी पन्हाळीपाशी मातीचा थर मोजला, अँगल मोजले, मग डबे उतरवून मेणकापड काढलं. पत्र्याला मध्यभागी खळगा होता. लहानपणी तिथे पाणी साचायचं ते मला आठवत होतं, पण तो आईच्या खलबत्त्यानं पडला असेल असं मी धरून चालले होते. या जाडीचा पत्रा खलबत्त्यानं असा वाकत नाही. त्यावर कधीतरी फार मोठं वजन बसलं होतं.

"ते व्हय," आई भाकरी थापत म्हणाली. "तुझ्या अप्पांनी बघितलं की वजन घालून. अंगणात ठिवले आन पोत्यात माती भरून वर रचले. मीच धरायलते पोती. कर्र करून खाली बसलं ते."

"मग?"

"मग काय. पोती उतरवले. म्हणले, पोरींना सांगू नको. मेणकापड आणले आन घातले वरून."

"तुला माहीत होतं? आणि तू मला फोनवर टेबल सांगतीस?"

"मग काय सांगू? फोनवरनं माळवद उतरत न्हाई, बाई. तू आठ दिसाला फोन करून छपराचं इंग्रजी सांगतीस. येऊन ऱ्हा चार दिस, उभी ऱ्हा, मग काढू माती. मी एकटीनं गड्यांच्या मागं कुठं फिरू?"

मी ऑफिसला कळवून तिथेच राहिले. त्या चार दिवसांत हिशेब पुरा केला, आणि तो तुम्हाला सांगायचा आहे, कारण तुम्हाला तो कोणीच सांगितला नसेल. तुम्ही पत्रा वाकलेला बघून टेबल हरलं असं समजलात. लंडनच्या टेबलाचे इंजिनिअर तसं समजले नसते. लोखंड वाकू देण्याची ती विद्या आम्हाला शिकवली होती, ती अशा टेबलासाठी वापरली गेली हे मात्र मला पुस्तकानं सांगितलं. लोखंड वाकताना पडणाऱ्या घराचा जोर स्वतःत घेतं. टेबल सरळ राहावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती, खालचं माणूस जगावं एवढीच होती. तुमचं टेबल वाकलं, पण पाय फाकले नाहीत आणि जोड सुटले नाहीत. ते केलं त्या वर्षी, त्या वर्षीच्या मातीखाली, खालच्या तिघी बहुतेक वाचल्या असत्या. बहुतेक, यापेक्षा जास्त मी कोणत्याच नकाशावर लिहीत नाही. पण मी मोठ्या शाळेत जायला लागले तेव्हा वाचल्या नसत्या. मधल्या उन्हाळ्यांची माती त्याला जड झाली असती. टेबलाला आपण हरवलं, तुम्ही आणि मी, नाचून.

आणि दाराजवळच्या सतरंजीचा हिशेब करायची गरज नव्हती. तो तुम्हाला पहिल्यापासून माहीत होता. टेबल पुरेसं नाही असं वाटत असतानाही तुम्ही रोज त्याचा भरवसा दिलात, आणि स्वतः छपराखाली आडवे झालात. समासातलं ते पेन्सिलीचं वाक्य मी खोडलं आहे.

चौथ्या दिवशी गडी आले. आई अंगणात खुर्ची टाकून बसली आणि मी माळवदावर उभी राहिले, तिनं सांगितलं तशी. फावडं सरळ लावलं की मातीचे थर वेगवेगळे दिसत होते, एक पांढरा, एक करडा, मधे कुजलेल्या काडीची रेघ. प्रत्येक रेघ एक उन्हाळा. वरचे तुमच्यानंतरचे, आईनं गड्यांकडून घालून घेतलेले. त्याखालचे आपले. संध्याकाळपर्यंत सगळं उतरलं आणि तुळया उघड्या पडल्या. पत्रे बसले आहेत. आई म्हणते घर तापायलंय, आणि ते खरं आहे. काकू येऊन बघून गेली आणि विचारते, तिचं कधी काढून देणार. तिला आधी येत्या उन्हाळ्यात नवी माती चढवू नको म्हणाले, तर म्हणाली, "मग गळंल की." पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, तिच्यासाठी. फोन करून भागणार नाही.

पुस्तकाची शेवटची शंभरेक पानं राहिली आहेत. हे कागद त्या टेबलाच्या पानात ठेवून देते. पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला माहीतच आहे आणि ती माझ्यावर हसते. गडी यायच्या आदल्या दुपारी आम्ही जेवून आडव्या झालो होतो, तेव्हा हादरा आला. भांडी वाजली. दार चार पावलांवर होतं. अंगण उघडं होतं. वर किती माती आहे आणि टेबल किती पेलेल, दोन्ही आकडे मी त्याच सकाळी दोनदा तपासले होते. मी आईचा हात धरला आणि तिला घेऊन टेबलाखाली शिरले. आवाज थांबला तरी बाहेर आले नाही. आणि अप्पा, मला तिथे गाढ झोप लागली.