राज्यसभेत अडकलेला संडास

१२ नोव्हें. ९७
सुनीता आजही मधल्या सुट्टीत घरी गेली ती आलीच नाही. नववीतली सगळ्यांत हुशार पोरगी. शाळेत मुलींना संडास नाही, घर तीन किलोमीटर. तिचे वडील परवा मला गाठून सांगून गेले, नव्या वर्षापासून तिची शाळा बंद. रिटायर्ड फौजी. "आवं बाई, फौजेत तळ पडला की पहिलं संडास खणत्यात, मग तंबू. तुमी इतकी वर्सं काय केलं?" कप्पाळ!

आणि आमचे मुख्याध्यापक शाळेच्या निधीतून दारात कमान बांधताहेत. तिच्याखालून पोरी घरी जाणार.

१४ नोव्हें.
बालदिन. अभिरूप संसद. दरवर्षी पोरं लुटुपुटूची भांडतात, मु.अ. टाळ्या वाजवतात, पेढे, संपलं. यंदा मी नागरिकशास्त्राच्या तासाला सगळं घोटून घेतलं होतं. मुलं लोकसभा, आम्ही शिक्षक राज्यसभा, मु.अ. राष्ट्रपती. सुनीतानं विधेयक मांडलं: कमानीचा पैसा मुलींच्या संडासाला. पाहुण्यांसमोर मु.अ. आधीच बोलून बसले होते, "आज इथं जे ठरेल ते शाळा करेल." मग काय! मुलग्यांनीही हात वर केले. मंजूर.

पैशाचं विधेयक आहे, राज्यसभा ते चौदा दिवसांच्या वर अडवू शकत नाही. बसा म्हणावं आता.

१८ नोव्हें.
शिक्षकखोलीत विधेयक चहाच्या ट्रेखाली. वर कपाचा गोल डाग. चित्रकलेचे कदम सर म्हणाले, "वरिष्ठ सभागृह आहे. खालच्यांच्या घाईवर शांतपणे विचार करणं हेच आपलं काम." सगळे हसले. मी वह्या तपासत होते. मग खिळ्यावरची किल्ली घेऊन उठले.

२९ नोव्हें.
चौदा दिवस काल संपले. मुलं नाचत मु.अ.कडे, मागे मी. ते शांतपणे म्हणाले, "हे धन विधेयक आहे, असा लोकसभेच्या अध्यक्षांचा दाखला कुठाय?"
अध्यक्ष झालेली दहावीची वैशाली माझ्याकडे बघायला लागली. दाखल्यावर तिची सही घ्यायची राहिली. माझ्याकडून! पंधरा वर्षं हेच शिकवतेय आणि... मूर्ख बाई. आता ते साधं विधेयक. राज्यसभा सहा महिने त्याच्यावर बूड टेकून बसेल. सुनीताकडे जेमतेम महिना.

५ डिसें.
काल रेडिओवर: लोकसभा बरखास्त. आज प्रार्थना संपताच मु.अ.: "दिल्लीची गेली, आपलीही बरखास्त." लोकसभेनं मंजूर केलेलं पण राज्यसभेत पडून असलेलं विधेयक लोकसभेबरोबर मरतं. तेवढं बरं लक्षात राहिलं! हलकट माणूस. लिहिलंय, खोडणार नाही.

एसटीची वाट बघत होते तर सुनीता जवळ आली.
"बाई, राज्यसभा कवा बरखास्त हुती?"
"कधीच नाही. थोडे थोडे सभासद बदलतात, सभागृह राहतं."
"मग तिथं मांडल्यालं मरत न्हाई?"
"नाही."
"तिथं तुमी हाय की, बाई."
एसटी आली. मी चढले.

८ डिसें.
चार दिवस सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. आता माझी पाळी.

शाळेत एक संडास आहे. शिक्षकांचा. कुलूपबंद. किल्ली शिक्षकखोलीत खिळ्याला. "पोरी घाण करतील," असा ठराव झाला होता म्हणे, मी नोकरीला लागण्याआधी. मी रोज ती किल्ली घेते. पंधरा वर्षं! कमानीवर भांडले, कलमं तोंडपाठ म्हटली, पोरांना पुढं घातलं. खिळा डोळ्यांसमोर होता. थू माझ्यावर.

९ डिसें.
विधेयक लिहिलं. पैशाचं राज्यसभेत आधी मांडता येत नाही, म्हणून त्यात पैसा नाहीच. एकच ओळ: मुलींचा संडास होईपर्यंत शिक्षकांच्या संडासाची किल्ली नववीच्या वर्गात राहील. मांडणार: मी. अनुमोदन: रिकामं. कदम सरांना विचारलं, त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

उद्या अकराला शिक्षकसभा. कोण हात वर करेल, देव जाणे.

आज मधल्या सुट्टीनंतर किल्ली खिळ्याला लावली नाही. माझ्या पर्समध्ये आहे.