शनिवारचा चुना

बाबा, परवा, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, तुम्हा तिघांच्या कबरींना चुना दिला. बहुतेक शेवटचा. भाषावार वाटणीत आपल्या राज्याचे तीन तुकडे झाले, नोकरदारांचंही वाटप झालं, आणि मराठीची शिक्षिका म्हणून माझ्या वाट्याला औरंगाबाद आलं. इथली जामबागेतली शाळा जूनमध्ये सोडायची. आपल्या ख्रिस्ती मंडळीतली निम्मी घरं आधीच गेली. मराठी उपासना आता महिन्यातून एकदा होते. जाण्याआधी तुमच्याशी एक बोलायचं राहिलं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी इतके दिवस मला धीर झाला नाही, हे आधी लिहून टाकते.

भाऊ विषमज्वरानं गेला तो उत्तम शुक्रवार होता, प्रभूच्या मरणाचा दिवस. नऊ वर्षांचा होता. तेव्हा मी रोजनिशी लिहीत नव्हते, पण वार चुकणं शक्य नाही. शनिवारी त्याला पुरलं. रविवारी, दर ईस्टरला जाते तशी, सगळी मंडळी पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेली. तिथं प्रत्येक घर आपापल्या माणसांपाशी थांबतं, घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "प्रभू उठला आहे," आणि बाकीचे म्हणतात, "खरोखर उठला आहे." आमच्यापुढं कालची ओली माती आहे. तुम्ही म्हणता, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात. आई बोलत नाही. तुम्ही पुन्हा म्हणता. शेजारच्या कबरीपाशी उभी असलेली माणसं वळून बघतात. आईला हुंदका फुटतो, आणि तुम्ही सगळ्यांदेखत तिला म्हणता, "ज्यांना आशा नाही ते रडतात. आपण कोण आहोत?" मग माझ्याकडे वळता. मी बारा वर्षांची. मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्या हाताचं वजन अजून आठवतं, आणि त्या वेळी मी आईकडे बघितलं नाही, हेही.

त्यानंतर आई कधी रडलेली मी पाहिली नाही. सहा वर्षं ती भाकऱ्या थापत राहिली, उपासनेला येत राहिली, दर ईस्टरला ओठ मिटून उभी राहिली, आणि मग तीही गेली. लोक म्हणाले, मास्तरांच्या घरची श्रद्धा बघा. मला मात्र तेव्हापासून तुमचाच धडा तुम्हाला वाचून दाखवायचा आहे. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी तो आधी रडला. हे शुभवर्तमान तुम्हाला तोंडपाठ होतं. उठल्यावर पहिली भेटली ती रडणारी बाई. तिला त्यानं एवढंच विचारलं, का रडतेस? तो तिच्यावर ओरडला नाही. उठलेल्या देहावरचे खिळ्यांचे व्रणसुद्धा त्यानं पुसले नाहीत. मरण जिंकलं गेलं म्हणून ते झालंच नाही असं कुठं लिहिलं आहे? तुम्ही शुक्रवारवरून थेट रविवारी उडी मारलीत आणि आईला ओढत नेलंत. मधला शनिवार तिचा होता.

हे मी इतकी वर्षं मनात घोळवत आले, आणि परवा कबरस्तानाच्या म्हाताऱ्या माळ्यानं त्यात खडा टाकला. मी भावाच्या दगडाला चुना देत होते. तो बादली घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्टरसाब भी चूना दिये बाद ऐसाइच बैठते थे, अम्मा. छोटे बाबा के पत्थर को कान लगाके. मैं पूछा, क्या सुनते साब? बोले, कुछ नै, तू जा, पानी ला."

दर वर्षी म्हणे. मला एकदम तुमचा कान आठवला. दर ईस्टरच्या आदल्या शनिवारी तुम्ही चुना देऊन घरी यायचात तेव्हा उजव्या कानावर चुन्याचा पांढरा डाग असायचा आणि आई तो पदरानं पुसायची. मी समजत असे, काम करताना लागला असेल. तिला कळलं होतं का? ते मला कधीच समजणार नाही. तुमच्याबद्दल मऊ वाटावं असं हे आहे खरं, पण मला राग जास्त आला. तुमच्याजवळही शनिवार होता तर. तो तुम्ही दगडाला दिलात. तिला अर्धा दिला असतात तर ती एकटी पडली नसती.

काल ईस्टरच्या पहाटे कबरींपाशी माझ्यासोबत फक्त माझी मुलगी होती. आता घरातली मोठी मी, म्हणून मी म्हटलं, "प्रभू उठला आहे." ती उत्तर द्यायला लागली, तशी मी तिला थांबवलं.

"आजीला आधी म्हणू दे."

"आजी कशी म्हणेल, आई?"

"म्हणेल तेव्हा म्हणेल."

आम्ही मेणबत्ती विझेपर्यंत उभ्या राहिलो. ती माझ्याकडे बघत होती. मी डोळे पुसले नाहीत. पुनरुत्थान व्हावं असं मला मनापासून वाटतं, बाबा, पण त्यात भक्ती किती आणि तुम्ही एकदा आईसमोर उभं राहावं हा हट्ट किती, ते मला निवडता येत नाही.

हे पान रोजनिशीतच राहील, आणि रोजनिशी ट्रंकेत. एकच सांगायचं राहिलं. शनिवारी माळी पाणी आणायला गेला तेव्हा मीही दगडाला कान लावला. काही ऐकू आलं नाही. कानावरचा चुना मी रविवारपर्यंत पुसला नाही.