तिसरा दिवस, दुपार

बर्लिन, ९ मार्च १९१२

प्रिय रोझविटा,

हे पत्र टपालानं पाठवायची छाती झाली नाही. क्लोथिल्डमावशी संधिवातासाठी आखेनच्या गरम कुंडांवर निघाली आहे. तिथून सरहद्द ओलांडून ती तुझ्याकडे येईल आणि हे तुझ्या हातात देईल. आत काय आहे, हे तिला ठाऊक नाही. वाचून झालं की जाळून टाक.

माझं काम तुला माहीत आहे. लढाई लागलीच तर कुठली पलटण कुठल्या गाडीनं निघणार, कुठल्या स्टेशनात किती वाजता उतरणार, याचे तक्ते मी अठरा वर्षं करतो आहे. दर वसंतात जुने रद्द, नवे सुरू. माझे तक्ते सरहद्दीपाशी संपायचे. पुढचं पुढच्या खोलीत. तिकडे काय चालतं ते मी कधी विचारलं नाही, विचारायचं नसतं. खरं सांगू? मला ते एखाद्या मोठ्या गणितासारखं वाटायचं, कधीच न घडणाऱ्या गोष्टीचं.

गेल्या सोमवारी पुढच्या खोलीतले म्हातारे नकाशेकार आजारी पडले. कॅप्टनसाहेबांनी त्यांचे कागद माझ्या टेबलावर टाकले. "तुमचं अक्षर चांगलं आहे. शाईनं पक्के करा, आणि तोंड बंद." मी पहिला कागद उलगडला. पलटणींच्या वाटेच्या रेघा सरहद्दीवर थांबतच नव्हत्या. त्या थेट बेल्जियममध्ये शिरल्या होत्या, रोझविटा. ज्या देशाशी आपलं भांडण नाही, ज्याला हात लावणार नाही म्हणून आपल्याच राजानं सही केली होती, त्या देशात. एका रेघेवर तुझं गाव होतं. पुढे लिहिलं होतं: तिसरा दिवस, दुपार. तारीख नाही, साल नाही. कशापासून तिसरा, तेही नाही.

खाली छोटा तक्ता होता. पूल दगडी, चार माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. पाणी भरपूर. पाव: चर्चमागे दोन मोठ्या भट्ट्या, दिवसाला सहाशे. त्या भट्ट्या लांबेरच्या, तुझ्या नवऱ्याच्या. आणि तो आकडा माझाच. गेल्या वर्षी तुझ्या मार्गोच्या बारशाहून परतलो, तेव्हा कॅप्टननी कॉफी मागवून हसत विचारलं होतं, "काय हो, मेव्हण्यानं पोटभर खाऊ घातलं की नाही?" मीही मूर्खासारखा फुशारलो, "साहेब, अख्खी पलटण जेवेल त्याच्याकडे!" मग ते एकेक विचारत गेले आणि मी सांगत गेलो. मला वाटलं, माणूस आपुलकीनं चौकशी करतोय.

तो कागद मी फाडला नाही. शाईनं पक्का केला, कॅप्टनची सही घेतली, परत दिला. हे तुझ्यापासून लपवणार नाही. तू मार्गोला घे आणि तिथून निघ. माझ्याकडे नको, आणखी पश्चिमेला, समुद्राकडे जा. कधी, ते मला सांगता येत नाही. दहा वर्षांनी असेल, या उन्हाळ्यातही असेल. लांबेरला कारण सांगावंच लागेल. तो ते त्याच्या सरकारच्या कानावर घालेल, तिथून बातमी बर्लिनला पोचेल, आणि हा कागद कुणी पाहिला होता हे शोधायला इथल्यांना एक दिवसही लागणार नाही. तरीही त्याला सांगू नकोस, असं मी लिहिणार नाही. मी हे पत्र त्यासाठीच लिहिलं आहे.

तुझाच दादा,
फोल्कमार