दारावरचे दिवे

कॅडी हॉलो
१९ सप्टेंबर २०२३

ती. ग्लेंडाताईस,

ट्विलाचा नमस्कार. वि. वि. आम्ही सगळे धडधाकट आहोत, खुशाली एवढीच. पुढचं पत्र रागाचं आहे, चहा घेऊन बस. आईचा नियम तुला आठवत असेल, भांडायचं तर कागदावर, कारण फोन आपटला की नवा आणावा लागतो. अक्षर लागेल तसं लाव. तू कॉलेजात गेलीस, मी शाळा अर्धी टाकून गोठ्यात गेले, त्याला आता इलाज नाही.

काल काउंटीच्या मंडळाने आपल्या गावची अँब्युलन्स बंद केली. ती काही सरकारने दिलेली नव्हती. दर जूनला फायर स्टेशनसमोर कोळशाचे खड्डे पेटवून, व्हिनेगरचं पाणी शिंपडत कोंबड्या भाजून, विकून, गावाने ती घेतली. वेंडेल तीस वर्षं ती फुकट चालवतोय. काउंटी विमा आणि औषधं तेवढी द्यायची. तेही जड झालं म्हणे. आता डोंगरापलीकडून कुठल्याशा कंपनीची गाडी येणार, आणि आपली फायर स्टेशनात कुलपात. वेंडेलने किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि घरी येऊन बूट न काढताच बसून राहिला.

त्याच बैठकीत, त्याच टेबलावर, त्यांनी हायवेवरचं अख्खं मोटेल पुढच्या वर्षासाठीही भाड्याने घेतलं. सीमा ओलांडून आलेल्यांना मोठ्या शहराने बसमध्ये घालून आमच्याकडे धाडलंय ना, त्यांच्यासाठी. मी त्या माणसांना शिव्या देत नाही. जिथे डॉक्टर नाही, काम नाही, बस नाही, तिथे त्यांच्यातलं कोणी हौसेने आलेलं नाही. पण दार उघडं टाकायचं वॉशिंग्टनने, पाहुणे पाठवायचे शहराने, आणि ताट वाढायचं आम्ही, तेही आमच्या म्हाताऱ्यांच्या पुढचं उचलून? आपली मारिसेल फिलिपाइन्सहून आली ती रांगेत उभी राहून. माझ्या लेकाची, डेलची लग्नाची बायको, तरी तिला वर्षानुवर्षं कागद, फी, तपासण्या. ती माझ्याहून जास्त भडकलीय. म्हणते, रांग मोडणाऱ्याला खोली मिळाली आणि रांगेतल्याला पावती.

वेंडेलचं हृदय तुला माहीत आहे. मागच्या वर्षी त्याला त्याच्याच गाडीत घालून नेला, तर मागे पडल्या पडल्या ओरडत होता की पुलावर ब्रेक मारू नका, घसराल. पुन्हा तसं झालं तर कोण येणार? तू राज्याच्या राजधानीत सरकारी खुर्चीवर जन्म काढलास. कुणाच्या तरी कानावर घाल.

लोभ आहे तेवढा पुरे, तो वाढवू नकोस, काम कर.

तुझी
ट्विला


५ ऑक्टोबर २०२३

चि. ट्विलास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा रागासाठी आणि एकदा अक्षरासाठी. राग आधी लागला.

मी चौकशी केली. तुला पटणार नाही, पण मोटेलचे पैसे राज्याच्या एका खात्यातून येतात आणि अँब्युलन्सचे काउंटीच्या दुसऱ्या खात्यातून. इकडचे तिकडे वळवता येत नाहीत. मोटेल उद्या रिकामं झालं तरी तुमची गाडी परत येईलच असं नाही. दोन्ही गोष्टी एका बैठकीत आल्या म्हणून त्यांची गाठ मारू नकोस. आणि आपले पणजोबा कॅनडातून ओंडके तोडायला आले तेव्हा त्यांना कोणी फुलं घेऊन आणायला गेलं नव्हतं, हेही विसरू नकोस.

खरं काळजीचं तेवढं बोलते. हिवाळा इथे काढा. माझ्या घराच्या समोर इस्पितळ आहे, गाड्या दारात उभ्या असतात. मागची खोली रिकामी आहे. वेंडेलला म्हणावं, मेहुणीच्या हातचं जेवून आजवर कोणी मेलेलं नाही, फार तर अपचन झालं. येताना वेंडेल बनवतो ती व्हिनेगरच्या पाण्याची बाटली आण, इथल्या दुकानातल्या कोंबडीला चव नाही.

माझ्यावर चिडलीस तरी लिहीत राहा. न लिहिलेला राग मला जास्त भीतीदायक वाटतो.

तुझी
ग्लेंडाताई


कॅडी हॉलो
१२ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस नमस्कार,

तुझी खाती दोन असतील, माझा खिसा एकच आहे. राज्याचा करही त्यातूनच जातो आणि काउंटीचाही. आणि पणजोबाला कोणी मोटेल दिलं नव्हतं. पहिला हिवाळा तो घोड्यांच्या शेजारी झोपला, हे आजीने तुलाही सांगितलंय, तू सोयीने विसरतेस.

वेंडेल येत नाही. इस्पितळासमोर खुर्ची टाकून मरणाची वाट बघणारा मी नव्हे, असं म्हणाला. वर म्हणाला की ग्लेंडाच्या भाज्यांना मीठ नसतं. हे मी कळवू नको म्हणाला होता.

मी मंडळापुढे बोलून आले. माणशी तीन मिनिटं देतात. माझी तीन मिनिटं अध्यक्ष फोनमध्ये बघत होता. मी म्हटलं की साहेब, तुमच्या आईला चक्कर आली तर डोंगरापलीकडून गाडी येईपर्यंत तिला काय सांगायचं, खातं वेगळं आहे? लोक हसले, तो नाही. त्या कंपनीच्या गाडीला आत्तापर्यंत इथला एकच रस्ता पाठ झालाय, मोटेलचा. तिथे कोणाकडे वाहन नाही, पोराला ताप आला तरी अँब्युलन्सचाच नंबर फिरवा, असं मोटेल सांभाळणाऱ्या बाईने त्यांना शिकवलंय. ते बिचारे सांगितलं तसं करतात. पण गाडी एक आहे, ताई.

आता मी एक काम केलंय. आपल्याकडची रीत तुला आठवते ना? अँब्युलन्स बोलावली की त्या घराने दारावरचा दिवा लावायचा आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांनी आपापला विझवायचा. घरांचे नंबर बर्फात गाडले जातात, दिवा गाडला जात नाही. ओपल शेजारीण फोनवर फोन लावते आणि बघता बघता सगळा रस्ता काळा होतो, एकच दार उजेडात. तर मी ठरवलं, मंडळ गाडीवर आणि मोटेलवर जानेवारीच्या अखेरीला पुन्हा एकदा, शेवटचं मत घेणार आहे, तोवर कोणी दिवा विझवायचाच नाही. संध्याकाळ झाली की सगळ्यांनी लावायचा. हे सगळं गाव मदत मागतंय, हे हायवेवरून जाणाऱ्यालाही दिसू दे. एकानेही नाही म्हटलं नाही. चर्चपासून पुलापर्यंत नुसता लखलखाट आहे. पहिल्या संध्याकाळी ओपल रडली.

माया असू दे. मीठ वाढव.

तुझी
ट्विला


१४ डिसेंबर २०२३

चि. ट्विलास,

आशीर्वाद. तुमच्या रस्त्याचा फोटो इथल्या वर्तमानपत्रात आलाय. मी तो ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवला आणि माझी बहीण म्हणून मिरवले. माझ्या ओळखीचा एकजण म्हणाला की अशा फोटोंनी मंडळं हलतात. मोटेलबद्दल तुझं माझं पटणार नाही, पण गाडी तुम्हाला परत मिळायला हवी, यात मला शंका नाही. हे कागदावर देते, हवं तर पुढे माझ्या तोंडावर मार.

एक गोष्ट. वेंडेलभाऊजींनी मला फोन केला होता. हवापाणी झालं, गुडघे झाले, मग म्हणाले की हे दिवे त्यांना आवडत नाहीत. मी म्हटलं पडदा ओढा. ते हसले नाहीत. तुझ्याकडे बोलायचा धीर होत नाही म्हणे, कारण तू फार दिवसांनी खुशीत आहेस. कारण विचारलं तर म्हणाले, ड्रायव्हरला आवडणार नाहीत, एवढंच. मला काही उलगडलं नाही. तूच विचार.

नाताळाला यायचं जमत नाही. स्वेटर पाठवलाय, रंगावरून कुरकुर करू नये.

तुझी
ग्लेंडाताई


कॅडी हॉलो
२२ जानेवारी २०२४

ताई,

तू अंत्यविधीला आलीस, राहिलीस, माझी भांडी घासलीस. तेव्हा मी काही बोलले नाही, घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे म्हणत होते की हृदयच ते, कधी ना कधी. तू तेवढंच ऐकून गेलीस. आता लिहिते.

दिवस मावळत होता, बर्फ पडत होता. वेंडेल लाकडं आत आणून बूट काढायला वाकला तो तसाच खाली आला. मी फोन केला. फोनवरच्या पोरीने विचारलं की घराची खूण काय. तीस वर्षं जे सांगत आले तेच तोंडातून गेलं. दारावर दिवा आहे ते घर.

वेंडेल जमिनीवर होता, शुद्धीत होता. त्याने माझा पाय धरला आणि म्हणाला की बाकीच्यांना विझवायला सांग. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा मला कळलं. चर्चपासून पुलापर्यंत प्रत्येक दारावर दिवा होता.

मी ओपलला फोन केला, तिने पुढच्याला. एकेक दार विझत गेलं. पण गाडी तोवर मोटेलवर पोचली होती. गाडी चालवणाऱ्या पोराला ठाऊक असलेला रस्ता तेवढाच, आणि तिथेही दिवा होताच. तो आत जाऊन विचारत बसला. त्याची भाषा त्यांना येईना, त्यांची त्याला. हे त्या ड्रायव्हरनेच नंतर डेलला सांगितलं. शेवटी एक बाई त्याला बाहेर घेऊन आली आणि तिने बोट दाखवलं. बरोबर दाखवलं. ती मघापासून रस्त्याकडे बघत उभी होती, आणि एवढ्या दिव्यांतला आता एकच उरला होता. हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं, पण झालं ते झालं.

आपली गाडी फायर स्टेशनात होती. माझ्या खिडकीतून दिसते. कुलूप.

वेंडेल बोलत होता तोवर मला वाटलं की तो वाचेल. डोळे मिटून मनातल्या मनात गाडी चालवत होता तो. म्हणाला की आता तो चर्चपाशी असेल. म्हणाला, आता ओपलचं वळण, हळू घे. म्हणाला की पूल आला, ब्रेक मारू नको. पुलानंतर काही बोलला नाही.

त्याने तुला फोन केला होता हे तू मला लिहिलं होतंस. मी त्याला विचारलं नाही. स्वेटरचा रंग बघून हसत बसले होते.

ट्विला


११ फेब्रुवारी २०२४

लाडक्या ट्विलास,

आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही. ते दिव्यांचं वाक्य मला आधी कळायला हवं होतं. एवढी शिकले आणि एका ड्रायव्हरने साधं सांगितलेलं मला समजलं नाही. मी त्यांना पडदा ओढायला सांगितला.

माझं खात्यांबद्दलचं पत्र तुझ्याकडे असेल तर चुलीत टाक. त्यात लिहिलेलं खोटं नव्हतं, पण ते कोणाला लिहितेय याचं भान मला नव्हतं. दिव्यांनी वेंडेलभाऊजी गेले, असं तू मनात घेऊ नकोस. गावची गाडी असती तर ती दिवा न बघता आली असती.

मंडळाच्या बैठकीचं मी वाचलं. भाऊजींसाठी सगळे उभे राहिले, मान खाली घातली, आणि बसून मोटेलला मुदत दिली, गाडीला नकार दिला. फायर स्टेशनवर त्यांच्या नावाची पितळी पाटी लावायला मात्र पैसे मंजूर केले. ते कोणत्या खात्यातून, हे मी शोधलं नाही. मला लाज वाटली.

माझ्याकडे ये. भांडायला तरी ये.

तुझीच
ग्लेंडा


कॅडी हॉलो
१८ जून २०२४

ती. ताईस,

ट्विलाचा नमस्कार. मी येणार नाही, ओपलला एकटी टाकवत नाही. खोली भाड्याने द्यायची तर दे, माझी वाट बघू नकोस.

परवा कोंबड्या भाजल्या. तीन गावांची माणसं आली, दुपारीच संपल्या. विमा आता गावच भरणार, काउंटीचं काही नको. डेलने आणि मारिसेलने अँब्युलन्सचं शिक्षण घेतलंय, डेल चालवतो, ती मागे बसते. कुलूप मी स्वतः काढलं. अध्यक्ष आला होता, अर्धी कोंबडी मागितली. मी त्याला पाठीचा, नुसत्या हाडांचा भाग दिला आणि पूर्ण पैसे घेतले.

त्याने मला काय सांगितलं ते ऐक. म्हणाला, गावाने गाडी आपली आपण सुरू केली, म्हणजे अनुदान लागत नव्हतं हे सिद्धच झालं, मंडळ तसं लिहून घेणार आहे. कर मात्र तेवढाच. म्हणजे गाडीचे पैसे आम्ही करातून काउंटीलाही द्यायचे आणि कोंबड्या विकूनही उभे करायचे. त्याला चावायला पाठीचाच भाग होता याचं तेवढं समाधान.

पहिला फोन काल संध्याकाळी आला. मोटेलवरून. डेल माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, माझं काय बघतोस, तुझा बाप कुणाचा पत्ता ऐकून थांबला होता का? मग मीही पुढे बसून गेले. हायवेवरून वळलो तर ते मोटेल पुरतं अंधारात. मला वाटलं वीज गेली. तर नाही, सगळ्या खोल्यांनी विझवले होते. एकाच दारावर दिवा होता. एक पोरगी होती, श्वास कोंडलेली. वाचली.

म्हणून माझा राग उतरला असं समजू नकोस. सीमेचं दार लावीन म्हणेल त्यालाच मी नोव्हेंबरात मत देणार आहे. तू दुसऱ्याला देशील, मग आपण कागदावर भांडू. पण त्या लोकांना आमची रीत वेंडेल गेला त्या एका संध्याकाळीत कळली, कोणी न शिकवता. मंडळाला आम्ही महिनोन् महिने दिवे लावून दाखवत होतो.

संध्याकाळ झाली की ओपल विचारते की तुझ्या दारावरचा बल्ब गेलाय का, बदलून देऊ का. गेलेला नाही. मी लावत नाही. आता गाडी बोलवायची कुणासाठी.

तुझा लोभ आहे, तो राहू दे. व्हिनेगरची बाटली वेगळी पाठवली आहे, वेंडेलच्या हातची शेवटची. जपून वापर.

तुझी
ट्विला