अंगठ्याला काम

अण्णा, माझ्या शर्टाच्या खिशात सध्या एक खेळणं असतं. ह्या वयात. काडेपेटीपेक्षा जरा लहान, धातूचं, दोन पट्ट्या एकमेकींवर बसवलेल्या आणि आत लोहचुंबक. अंगठ्यानं वरची पट्टी पुढं ढकलली की टक् होतं, मागं ओढली की परत टक्. बस, एवढंच. त्यातून काही निघत नाही, काही बनत नाही. तुमच्या नातीनं ऑनलाइन मागवून दिलं. त्याला फिजेट म्हणतात. ज्यांच्या हाताला सारखा चाळा लागतो त्यांच्यासाठी ते असतं म्हणे. माझी तंबाखू सुटावी म्हणून तिनं ते आणलंय, हे सरळ सांगून टाकतो, उगीच आढेवेढे नकोत.

ती दातांची डॉक्टर होऊन राहिली, नांदेडला. शेवटचं वर्ष आहे. दिवाळीला लातूरला घरी आली तर फराळाच्या ताटावरच म्हणाली, "पप्पा, तोंड उघडा." मला वाटलं, पोरगी गंमत करून राहिली. उघडलं. तिची तीन बोटं आत जायला पाहिजे होती, दोन गेली. मग मोबाईलची बॅटरी लावून तिनं माझा गाल आतून पाहिला आणि फराळाचं ताट बाजूला सारलं. आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. पुढचं सगळं रीतसर झालं, मोठ्या डॉक्टरांनी त्यातला तुकडा काढून तपासायला पाठवला, तो अहवाल येईपर्यंत तुमच्या सुनेनं देव पाण्यात घातले. अहवाल आला. अजून तसं काही नाही, पण तंबाखू चालू राहिली तर आपण काही सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या महिन्यात परत दाखवायचंय. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, चुना कातडीचं काय करतो ते फळ्यावर लिहून देतो, आणि गेली तीस-बत्तीस वर्षं तोच चुना गालात धरून बसलोय. शिकलेला माणूस!

तर ते फिजेट. त्याची पहिल्याच दिवशी फजिती झाली. स्टाफरूममध्ये बसलो होतो, हात टेबलाखाली, अंगठा चालू, टक् टक्. समोरचे मराठीचे सर पेपर तपासता तपासता न बघताच हात पुढं करून बसले. तळहात वर, बोटं जरा वाकवलेली. मी थांबलो तर म्हणाले, "झाली न्हाई का अजून? आन् चुना बेतानं हं सर, काल जीभ भाजली माझी." त्यांना वाटलं, चुन्याची डबी वाजली. मी ते खेळणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, झाकण कुठं उघडतं ते शोधलं, वास घेतला. "ह्यात माल कुठाय?" म्हणाले. माल नाही म्हटल्यावर इतक्या दुःखानं माझ्याकडं बघितलं, जसं काही माझ्या घरी कुणी गेलंय. आता तेही मधून मधून मागून घेतात. पण एक आहे, तंबाखूच्या वेळी आम्ही बोलायचो. टक् टक् करताना बोलणं होत नाही. ज्याच्या हातात आहे तो एकटाच वाजवत बसतो.

अंगठ्याला ही सवय तुम्ही लावलीत. रागानं म्हणत नाही, तसं झालं म्हणून म्हणतो. कंधारला तहसीलसमोर पत्र्याखाली तुमचं टायपिंगचं मशीन, बाजूला कार्बनच्या कागदांची चळत, आणि तुमच्या बोटांना कायम ती निळी-काळी शाई. शाईच्या हातानं तंबाखू मळता येत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मळायचं काम माझं. तुम्ही शपथपत्र बडवताय, मान वर नाही, नुसतं "मळ" म्हणताय. मी चंचीतून पानं काढतो, काड्या वेचून फेकतो, नखावर चुना घेतो. अंगठा तळहातावर गोल नाही फिरवायचा, पुढं रेटायचा आणि मागं ओढायचा, तळहात गरम लागेपर्यंत. मग मशीनकडं पाठ करून दोन थापट्या मारायच्या, कारण एकदा भुकटी एका पक्षकाराच्या नाकात गेली आणि तो सही करता करता शिंकला. सहीची पार शेपटी झाली. तुम्ही माझ्या कानाखाली द्यायच्या ऐवजी हसलात. तुम्ही इतकं हसलेलं मी परत पाहिलं नाही. मग मी तळहात पुढं धरायचो आणि तुम्ही दोन बोटांच्या टोकांनी, शाई लागू न देता, चिमूट उचलायचात. "जमली," म्हणायचात. मला तुम्ही अभ्यासाबद्दल कधी काही चांगलं बोलल्याचं आठवत नाही. ह्याबद्दल बोलायचात.

मग मी नांदेडला शिकायला गेलो आणि स्वतः खायला लागलो. त्यात नवल काय? हात तयार होता, तोंडच बाकी होतं. सुट्टीत आलो तेव्हा तुम्हाला वास आला. तुम्ही ओरडला नाहीत. मशीनवरचा कागद ओढून काढलात, नवीन घातलात आणि म्हणालात, "मळायला शिकिवलं व्हतं तुला. खायाला न्हाई." बस. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं चंचीला हात घातला तर तुम्ही ती उचलून मांडीखाली ठेवलीत. त्यानंतर तुम्ही स्वतःच मळायला लागलात. शाईच्या हातानं, शाईसकट. कुणालाही मळू दिली नाही, शेजारच्या टायपिस्टलाही नाही. मला ते लई लागलं, अण्णा. दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं. माझी खायची तंबाखू काही त्यानं सुटली नाही, तुमच्याशेजारी बसायची जागा तेवढी सुटली.

बाप-लेकानं एकमेकांसमोर तंबाखू खायची नसते, हे आपल्याकडं कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मी प्राध्यापक झालो, लग्न झालं, मुलगी झाली, तरी तुम्ही समोर आलात की मी दाराआड जाऊन थुंकून यायचो आणि तुम्ही भिंतीकडं बघत राहायचात. तुमच्या तोंडाला शेवटपर्यंत काही झालं नाही, ही एक गंमत. गेलात ते मूत्रपिंडानं.

नांदेडच्या दवाखान्यातली ती दुपारची वेळ. तुम्हाला धड शुद्ध नाही, सलाईन चालू आहे. तुमचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर फिरतोय, पुढं रेटून मागं. नर्स विचारते, "काय करून राहिले हे?" मी म्हणतो, तंबाखू मळतायत. ती हसते आणि पुढच्या खाटेकडं जाते. तुम्ही दोन थापट्या मारता, आवाज येत नाही इतक्या हलक्या. आणि रिकामा तळहात माझ्यापुढं धरता. "घे," म्हणता. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या खिशात तेव्हा पुडी होती. आणि मी काय म्हणालो? "मी खात नाही, अण्णा." तुम्ही माझ्या खिशाकडं बघितलंत. "बरं," म्हणालात आणि ती नसलेली चिमूट स्वतःच्या ओठात धरून डोळे मिटलेत. मी वागलो ते रीतीला धरूनच होतं. कुणीही पोरगा तेच म्हणाला असता.

हे सगळं आताच का आठवलं, तर गेल्या आठवड्यात कंधारला एका लग्नाला गेलो होतो. तोवर दोन महिने एक चिमूट तोंडात टाकली नव्हती, खेळण्याचा वरचा रंगसुद्धा अंगठ्यानं उडालाय. मांडवात तुमचे ते शेजारचे टायपिस्ट काका भेटले. आता खूप थकलेत, कानानं ऐकू येत नाही. माझा हात धरून बाजूला बसवलं, तुमच्या आठवणी काढल्या, तेवढ्यात तंबाखू मळली, आणि तळहात पुढं करून म्हणाले, "घे की रे. अण्णाचं पोरगं तू, माझ्यापुढं कशाला लाजतूस?" खिशात फिजेट होतं. दाखवता आलं असतं, सांगता आलं असतं, त्यांना ऐकू आलं नसतं तरी मान हलवता आली असती. पण असा पुढं आलेला हात मी एकदा नको म्हणून पाहिलाय. मी घेतली.

एवढ्यावर थांबलं असतं तर काका, मांडव, भिडस्तपणा, सगळ्यांवर ढकलता आलं असतं. लग्नाहून परतताना लातूरच्या बसस्टँडसमोर उतरलो आणि टपरीवर माझी मीच पुडी मागितली. तिथं कुणाचा हात नव्हता. आता रोज दोनदा होतेय, जेवणानंतर आणि सकाळच्या तासाआधी. गालाला आतून जीभ लावून पाहतो. काही कळत नाही. भीती वाटते, अण्णा. आणि तरी हात जातो.

पोरगी रोज संध्याकाळी फोन करते. इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, "आज?" काल मी म्हणालो, "नाही गं." ती म्हणाली, "बरं."

आत्ता तिच्या फोनची वेळ झालीय. तो यायच्या आधी आपणच लावावा आणि सांगून टाकावं म्हणून तासाभरापूर्वी खुर्चीत बसलो होतो, आणि तुम्हाला लिहीत बसलो. तुम्हाला सांगणं सोपं पडतं. तुम्ही पुढच्या महिन्यात तोंड उघडा म्हणणार नाही.