शिंप्याचं ‘उद्या नक्की’

प्रिय बटण,

पोटाच्या ऑपरेशननंतर तू दवाखान्यात पडून आहेस आणि इकडे बाप चक्क पत्र लिहितोय म्हटल्यावर तुला वाटेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं नाही गं, जरा ठिकाणावर येतंय. फोन हातात घेतला की माझ्या तोंडून ‘सगळं छान चाललंय’ याशिवाय दुसरं वाक्य निघत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून हे लिहून जावईबापूंच्या हाती पाठवतोय. टाके ओले आहेत तोवर जपून हस.

छोटीला दुकानात सोडताना तू माझ्या हातात चार पानं सूचना ठेवल्यास. खरं सांगतो, मी त्या न वाचताच कात्रीखाली दाबून ठेवल्या. डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे असं सांगितलं, तेव्हाही ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणून मी मोकळा झालो होतो. चाळीस वर्षं शिवतोय, अख्ख्या सुटाच्या मापांना मला अर्धं पान पुरतं. अकरा वर्षांच्या नातीला चार पानं कशाला? ते पहिल्याच दिवशी कळलं. तिने सलग सोळा प्रश्न विचारले तेव्हा मी म्हटलं, ‘छोटे, डोकं खाऊ नकोस.’ तिने हातातलं बिस्किट खाली ठेवलं, माझ्याभोवती एक फेरी मारली, सगळ्या बाजूंनी डोकं तपासलं आणि म्हणाली, ‘अख्खं आहे.’ मग मी ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून दोरा आणायला गेलो. परत येतो तर बाईसाहेब दारात, नजर घड्याळावर. ‘एकोणीस,’ एवढंच म्हणाली. तुझी आई गेल्यापासून मला असं कुणी धारेवर धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतले साहेब पँट सैल करायला आले. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं पोट कधी वाढत नाही, कापड आटतं. मी तेच म्हटलं. छोटी मापांची वही वाचत बसली होती. ‘कापड आटलं नाही,’ ती म्हणाली, ‘तुम्ही दोन इंच वाढलात.’ साहेब लालबुंद झाले, मोठमोठ्याने बोलू लागले. त्यावर ही आरशाकडे तोंड करून म्हणायला लागली, ‘कृपया दारापासून दूर उभे राहा. कृपया दारापासून दूर उभे राहा.’ तुमच्या लिफ्टमधली बाई बोलते ना, हुबेहूब तशी. साहेब दचकून खरंच दोन पावलं मागे सरकले. मला हसू आवरेना. दुकान बंद केल्यावर सहज म्हणून तुझी पानं काढली. दुसऱ्या पानावर लिहिलेलं, ‘लिफ्टचं वाक्य म्हणू लागली तर ती गंमत करत नसते. आवाज किंवा माणसं तिला फार झालेली असतात. तिला शांत जागा द्या.’ हसू जागच्या जागी जिरलं.

मग चारही पानं वाचली, चष्मा पुसून, दोनदा. तिसऱ्या पानावर ‘गळ्यामागचं लेबल टोचतं’ असं दिसलं आणि जीव भांड्यात पडला, कारण अख्ख्या चार पानांत हे एक मला येत होतं. तिच्या सगळ्या कपड्यांची लेबलं उसवली, आतल्या शिवणी चपट्या करून दाबल्या. तिने एक फ्रॉक घातला, खांदे हलवून पाहिले आणि म्हणाली, ‘आता कपडा गप्प बसला.’ बटण, इतकी वर्षं लोक मला ‘फिटिंग छान’ म्हणतात. असं कुणी म्हटलं नव्हतं. कटिंगच्या टेबलाखाली तिला जागा करून दिली. कोटाचं जाड कापड अंगावर घेऊन ती तिथे पडून राहते. मशीनची खडखड तिला चालते, इस्त्रीच्या वाफेची फुस्स चालत नाही. म्हणून आता मी आधी ‘वाफ सोडतोय’ असं ओरडतो. गिऱ्हाइकांना वाटतं, दुकानात आगगाडी आलीय.

पण माझी खरी पंचाईत केली ती ‘उद्या’ने. बँडमास्तर कोटासाठी चौथ्यांदा आले. मी सवयीने म्हटलं, ‘उद्या नक्की. फक्त बटणं लावायची राहिलीत.’ टेबलाखालून आवाज आला, ‘कापड अजून पिशवीत आहे. पिशवी माझ्या डोक्याखाली आहे.’ मास्तर वाकले. त्यांनी पिशवी पाहिली, छोटीला पाहिलं आणि माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, ‘मग मिळणार कधी?’ तिने मला विचारलं, एका कोटाला किती तास लागतात, आधीची किती कामं आहेत. बोटांवर मोजून सांगितलं, ‘पुढच्या मंगळवारी, चार वाजता.’ मास्तर म्हणाले, ‘या दुकानात पहिल्यांदा खरं ऐकलं.’ तेव्हापासून दारावर तिच्या अक्षरातला कागद आहे, कुणाचा कपडा कोणत्या दिवशी मिळेल याचा. दोन गिऱ्हाइकं रुसून गेली. बाकीच्यांचे हेलपाटे वाचले. आणि मला दिवसभर काम करावं लागतं, मान अवघडलीय.

इथवरचं फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं जमलं नसतं.

पाचव्या दिवशी तिने सात वेळा विचारलं, ‘आई कधी येणार?’ तू लिहून ठेवलं होतंस, पक्कं माहीत नसेल तर तसं सांगा. पण मी दमलो होतो आणि जीभ शिंप्याची. म्हणून टाकलं, ‘उद्या नक्की.’ सकाळी जावईबापूंचा फोन आला की तुला ताप आहे, डॉक्टर आणखी तीन दिवस ठेवणार. छोटी आठपासून बूट घालून, पाठीला बॅग लावून दारात उभी. मला सांगायचा धीर झाला नाही. दहापर्यंत ‘येईल गं, येईल’ करत राहिलो. शेवटी सांगितलं तेव्हा तिने लिफ्टचं वाक्य सुरू केलं. मी ऐकलं, पण दुकानात तीन गिऱ्हाइकं, फोन वाजतोय, इस्त्री फुसफुसतेय. मग ती खाली बसली, किंचाळली, स्वतःच्या डोक्यावर मुठी मारू लागली. मी कापडाचा गठ्ठा तिच्या डोक्याच्या आणि टेबलाच्या पायाच्या मधे सरकवला. तेवढ्यात एक सभ्य गृहस्थ म्हणाले, ‘लाड झालेत हो. दोन ठेवून द्या, सगळं उतरेल.’

बटण, मी सगळ्यांना बाहेर काढलं. एकाची ट्रायल चालू होती, तो एका बाहीच्या कोटात रस्त्यावर गेला. शटर अर्धं ओढलं, दिवे बंद केले, इस्त्री बंद केली आणि तिच्यापासून हातभर लांब जमिनीवर बसलो. बोललो नाही, हात लावला नाही. बऱ्याच वेळाने ती शांत झाली, कापड अंगावर ओढून घेतलं. मी म्हटलं, ‘मी खोटं बोललो. आई कधी येणार, मला माहीत नव्हतं.’ तिने विचार केला. ‘मग “माहीत नाही” म्हणायचं. दोनच शब्द आहेत.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘बाहेर एक माणूस एका बाहीचा उभा आहे.’

त्या गृहस्थांचं वाक्य तू ओळखलं असशील. ते माझं होतं. तुझ्या मावसभावाच्या लग्नात लाउडस्पीकर सुरू झाला, छोटी टेबलाखाली शिरून किंचाळली आणि मी भरल्या पंगतीत तुला तेच ऐकवलं. तू तिला उचलून निघून गेलीस, ती चौदा महिने आली नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरलो, लेक फार मानी आहे. आताही छोटीला सोडायला तू नाइलाज म्हणून आलीस, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीस. मला निदान शटर होतं गं. तुला भर रस्त्यात, बसमध्ये, लग्नात कसलं शटर? माझं चुकलं. एवढंच लिहायला हे पत्र काढलं आणि इतकी पानं लागली. जावईबापू म्हणाले, शनिवारी तुमचा पालकांचा गट भरतो, तिथे आजी-आजोबांनाही येऊ देतात. आज मी तिथे फोन करून नाव घातलं. तुझी हरकत नसेल तर मागच्या खुर्चीवर बसेन. फोनवरच्या बाईंनी विचारलं, ‘मुलीला नेमका कशाचा त्रास होतो?’ मी म्हटलं, ‘आजोबांचा. म्हणूनच फोन केलाय.’

शिकाऊ, पण तुझाच,
बाबा